पाठउजेड

मिरजेतल्या निम्म्या दिवंगत मंडळींच्या अंगात एकच कोट आहे. निळा, आणि वरच्या खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक डोकावणारा. तो आमच्या अण्णांनी शिवला. आम्ही पतंगे मूळचे शिंपी, पण हा कोट सुईदोऱ्यानं नाही, कॉम्प्युटरवर शिवलेला. कुणाच्या घरी कुणी गेलं की लग्नातला एखादा घोळक्याचा फोटो घेऊन माणसं आमच्या 'छायादीप स्टुडिओ'त यायची. "ह्यातले हे. नवरदेवाच्या मागचे. तेराव्याला पाहिजे." मग अण्णा त्या घोळक्यातून तेवढं एक डोकं अलगद उचलायचे, खांद्यावर राहिलेला दुसऱ्याच कुणाचा हात पुसायचे, मागे आकाश घालायचे आणि खाली कोट चढवायचे. जन्मभर धोतर नेसलेला माणूस भिंतीवर साहेब होऊन बसायचा. "लई उमदं दिसतंय आमचं म्हातारं," म्हणत घरची माणसं फ्रेम काखेत मारून जायची.

पुढे अण्णा गेले आणि त्यांचाच फोटो सापडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सहलीच्या फोटोत आई, मी आणि धाकटा भाऊ निनाद. वाढदिवसाच्या फोटोतही आई, मी आणि निनाद. अण्णा कायम कॅमेऱ्याच्या मागे. कुणी मोबाइल रोखलाच तर तोंडावर हात धरायचे. "फोटोग्राफरचा फोटो काढायचा नसतो, हात उतरतो," असं त्यांनी स्वतःच एक शास्त्र करून ठेवलं होतं. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो घेतला, ज्यात भलाभला माणूसही नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. निनादनं रडत रडत तो मोठा केला, गुळगुळीत केला आणि सवयीनं खाली कोट चढवला. अकरा वर्षं झाली, अण्णा स्वतःच शिवलेल्या कोटात बैठकीच्या खोलीत बसून आहेत.

"शरू, एक सांगू? हसू नको," गेल्या उन्हाळ्यात गवारी मोडता मोडता आई म्हणाली. "मला ह्यांचा चेहरा आठवेनासा झालाय."

मी हसले नाही.

"डोळे मिटले की भिंतीवरचा येतो. कोटातला. त्या कोटवाल्याशी मी एक दिवस तरी संसार केलाय का गं? ह्यांचा आवाज आठवतो, जिन्यावर चपला वाजायच्या ते आठवतं. चेहऱ्याच्या जागी मात्र तो साहेब येऊन बसलाय. उठतच नाही."

आईला काही झालंय अशातला भाग नाही. गल्लीतल्या सगळ्या नातवंडांचे वाढदिवस तिला तोंडपाठ आहेत. चेहरे असेच जातात, सगळ्यांचेच. वर्षानुवर्षं एकच फोटो बघितला की तो आठवणीवर चढून बसतो आणि खालची आठवण गुदमरते. पण ते तिच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. अण्णा दुसऱ्यांदा चालले होते, आणि ह्या वेळी थेट आईच्या आतून.

माझ्याकडे एकच उपाय होता, पाठउजेड.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते. घाबरू नका, मी स्वतः बारावीला पदार्थविज्ञानात काठावर पास झालेली बाई आहे. फोटो म्हणजे समोरच्या वस्तूवरून परतलेला उजेड, इतकं आपल्याला माहीत असतं. पण समोरच्या वस्तूवर तो येतो कुठून? खिडकीतून, दिव्यातून, आणि अगदी थोडा, फोटो काढणाऱ्याच्या अंगावरूनही. पांढरा सदरा घालून तुम्ही कुणापुढे उभे राहिलात तर त्याच्या गालावर तुमच्या सदऱ्याचा पुसटसा पांढरेपणा पडतो. डोळ्याला तो कळत नाही. कॅमेऱ्याच्या पोटात मात्र तो आकडा होऊन उतरतो आणि पडून राहतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या मुलामुलींनी हा उष्टा उजेड वेचणारा प्रोग्रॅम लिहिला. तो फोटोतली भिंत बघतो, भांडं बघतो, माणसाचं बुबुळ बघतो. त्यांच्यावर सांडलेल्या पुसट उजेडावरून तो कॅमेऱ्यामागे काय होतं ते उलटं मांडत जातो. जिथे कॅमेरा कधी वळलाच नाही ती अर्धी खोली हळूहळू दिसायला लागते, आणि त्या अर्ध्या खोलीत फोटो काढणारा उभा असतो.

अट एकच, पण कडक. फोटो मूळ हवा. कॅमेऱ्यानं टिपलेला एकेक आकडा जागेवर हवा, आणि फोटोच्या शेपटीला बांधलेली माहितीही हवी. दिवस कोणता, जागा कुठली, भिंग कोणतं, कॅमेऱ्याची मान किती कलली होती. दिवस आणि जागा कळली की सूर्य कुठे होता ते कळतं, मग सूर्याचा उजेड वजा करता येतो. मग खिडकीचा, मग दिव्याचा. सगळं वजा करून जे उरतं तो मागचा माणूस. फोटो थोडा जरी नटवला, गाल गुळगुळीत केले, अंधार उजळला, की सगळ्यांत आधी मरतो तो हाच उष्टा उजेड. सुंदर करणाऱ्या प्रोग्रॅमला तो खरकटं वाटतो आणि तो पुसून टाकतो.

आता सांगा, असले मूळ फोटो ठेवले होते कुणी? सगळं जग 'सुबक' नावाचा प्रोग्रॅम वापरत होतं. सुबक फुकट, सुबक झटपट. फोटो टाकला की चेहरे उजळ, आडव्या रेषा आडव्या, मागचा कचरा गायब. एकसारखे दहा फोटो दिसले की त्यांतून तो एक देखणा फोटो घडवणार आणि बाकीचे फेकणार. तारीख, ठिकाण वगैरे जड सामान काढून टाकणार. आणि जागा वाचावी म्हणून मूळ फोटोच्या जागी नटवलेला ठेवणार.

अण्णांमागे छायादीप मी चालवते, तिथे मात्र 'जैसे थे' हा प्रोग्रॅम चालतो. हळू आहे, दिसायला सरकारी अर्जासारखा आहे, आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसून जांभया देतं. पण तो मूळ फोटोला बोट लावत नाही. तुम्ही जे बदल कराल ते शेजारी वेगळे लिहून ठेवतो. वाटलं तर सगळे बदल काढून घ्या, आतला फोटो पहिल्या दिवशी होता तसाच. ही अण्णांची शिस्त. "मूळ मूळच राहू दे. नटवायचं तर नकलेला नटव," असं ते म्हणायचे. कोटसुद्धा त्यांनी कायम नकलेलाच चढवला. पाठउजेड येईपर्यंत ह्या शिस्तीला गावात कुणी विचारत नव्हतं, आम्ही घरची मुलंही नाही.

पाठउजेड आला आणि लोक वेडे झाले. गावात दोन साखरपुडे मोडले, कारण नवरीच्या गोव्याच्या फोटोमागे भलताच माणूस उभा निघाला. पण बहुतेक जण यायचे ते आपलं हरवलेलं माणूस शोधायला. बुधगावचे एक गृहस्थ आले होते, लहानपणी अंगणात काढलेला स्वतःचा फोटो घेऊन. "ताई, ह्यो फोटू माझ्या आयनं काढलाय. तिचा एक बी फोटू न्हाई आमच्याकडं. ह्यात मागं दिसंल म्हणत्यात."

मी फोटो लावला. तो सुबकमधून गेलेला होता. पडद्यावर राखाडी रंग आला आणि खाली ओळ उमटली, 'मागे कोणी नाही.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "कुणी न्हाई कसं?" ते म्हणाले. "मग फोटू काढला कुणी?"

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला, तोही त्यांनी निम्मा ठेवला.

आईनं चेहऱ्याचं सांगितल्यावर मी दुकानातल्या जुन्या मूळ फोटोंना हात घातला. लग्नं, मुंजी, शाळेची स्नेहसंमेलनं, सगळ्यांच्या मागे अण्णाच असणार होते. दुपारी दुकान मिटून मी आईला आत बसवलं. आमच्या स्टुडिओत कमळाच्या तळ्याचा एक रंगवलेला पडदा आहे, त्याच्यासमोरच्या बाकावर ती पाय वर घेऊन बसली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिलं लग्न उघडलं. आधी धुकं, मग धुक्यात मांडवाची दुसरी बाजू, रिकाम्या खुर्च्या, लांब कुठेतरी पंगतीतली लाल पागोटी. आणि मधोमध पांढरा सदरा.

"आले," आई हळूच म्हणाली.

सदऱ्याच्या वर मान दिसली. मानेच्या वर काळा चौकोन. कॅमेरा.

दुसरं लग्न, तिसरं, शाळेचा गणपती, कुणाचं तरी बारसं. प्रत्येक धुक्यातून तोच पांढरा सदरा चालत यायचा, समोर थांबायचा आणि चेहऱ्याच्या जागी कॅमेरा घेऊन उभा राहायचा. मला हसूही येत होतं आणि रडूही. आयुष्यभर कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाचा चेहरा उजेडाला तरी कुठून सापडणार?

"असे तर मी रोजच बघत होते ह्यांना," आई म्हणाली. मग तिची नजर मागच्या कमळांकडे गेली. "शरू, खंडेनवमीचे फोटो बघ की."

मी कपाळावर हात मारून घेतला. हे मला सुचायला हवं होतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. लोहार ऐरण पूजतो, सुतार करवत पूजतो, आमच्याकडे पाटावर कॅमेरा बसायचा. त्याला हळदकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, समोर निरांजन. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, असा रिवाज. अण्णा तेवढा एक फोटो मात्र काढायचे. "निजण्याआधी त्याला घरची लक्ष्मी दाखवू," म्हणायचे. आई पूजेचं ताट घेऊन कमळाच्या पडद्यासमोर उभी राहायची आणि अण्णा हारासकट कॅमेरा उचलायचे. ओल्या कुंकवाचा कॅमेरा डोळ्याला लावणार कसा? म्हणून तो छातीशी धरून, आईकडे बघत, अंदाजानं बटण दाबायचे. फोटो हमखास वाकडा यायचा. कधी आईचं कपाळ कापलेलं, कधी झेंडूच्या पाकळीनं अर्धी चौकट खाल्लेली. गावाचा सगळ्यात चोख फोटोग्राफर वर्षातून एक फोटो वाईट काढायचा, तो बायकोचा. आणि नियमाप्रमाणे तोही ठेवून द्यायचा.

म्हणजे त्या दिवशी चेहरा मोकळा होता. समोर घासलेलं ताटही होतं, उजेड धरणारं.

पण घरचे सगळे फोटो निनादकडे होते. अण्णा गेल्यावर तोच घेऊन गेला होता, मिरजेच्या दमट हवेत डिस्कला बुरशी लागते म्हणून. मी त्याला बंगळूरला फोन लावला. "नवमीचे मूळ फोटो आहेत ना रे तुझ्याकडे?"

"आहेत की सगळे," तो उत्साहात म्हणाला. "पण आत्ता काही विचारू नको. आईच्या पंचाहत्तरीला येतोय मी. सरप्राइज आहे."

सरप्राइज म्हणाला तेव्हाच मला शंका आली.

श्रावणात तो आला. टॅक्सीतून त्यानं भलीमोठी फ्रेम उतरवली, आईला खुर्चीत बसवलं आणि कागद फाडला. फ्रेममध्ये आई होती, पूजेचं ताट हातात, पडदा सरळ, कमळं टवटवीत, ताट चांदीसारखं लखलखीत. आईचं वय सांगता येत नव्हतं. सगळ्या वयांची मिळून ती एक बाई होती, आणि खरंच फार सुंदर होती.

"नवमीचे सगळे फोटो मिळून सुबकनं केलाय," निनाद म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "अण्णांचे ते सगळे वाकडेतिकडे फोटो. म्हटलं, त्यांना मनातून असाच काढायचा असणार."

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. "गुणाचं माझं लेकरू," म्हणाली. मग ती माझ्याकडे बघायला लागली. विचारायचं काम माझ्याकडे होतं.

"निनू, मूळ फोटो?"

"हेच आता मूळ. बाकीचे त्यानंच काढून टाकले. एकसारखे होते ना."

"कचरापेटीत?"

"ती आपोआप रिकामी होते गं. का? काय झालं?"

मी काय झालं ते सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण माझं ठरलेलं टिकत नाही. मी ओरडले. फोटोमागे अण्णा उभे होते आणि तू त्यांना झाडून काढलंस, असं म्हणाले. निनादचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो खाली फरशीवर बसला आणि लहानपणी बसायचा तसं गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला. मग मलाही माझीच लाज वाटली. त्याचं काय चुकलं होतं? अण्णांनी गावाला कोट चढवले, त्यानं आईला तळं सरळ करून दिलं. दोघांनी केलं ते प्रेमानंच. फक्त अण्णांनी मूळ बाजूला ठेवलं होतं.

"पुरे दोघांचं," आई म्हणाली. "वाढदिवस माझा आहे. शिरा गार होतोय."

शिरा खाता खाता निनाद मोबाइल चाळत होता, एखादा तरी कुठे राहिलाय का बघत. आणि अचानक त्याचा घास हातातच राहिला.

"ताई, हे काय असतं गं? 'टाकाऊ. आपल्या परवानगीच्या प्रतीक्षेत.'"

फोटो कशाचा आहे हे ओळखता आलं नाही तर सुबक तो स्वतः फेकत नाही. मालकाला विचारतो. चुकून खिशात निघालेले फोटो, जमिनीचे, बोटाचे. निनादला तो वर्षानुवर्षं विचारत होता आणि निनादनं वर्षानुवर्षं त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्याचा हा आळस शाळेपासून आहे. वह्यांना कव्हर घालायचं राहिलं म्हणून तो मार खायचा, विजेचं बिल त्याच्या टेबलावर पिवळं पडतं. त्या दिवशी मी त्याच्या आळसाला मनातल्या मनात हात जोडले.

त्या ढिगात चपला होत्या, पंखा होता, गाडीचं चाक होतं. आणि एक भगवा डाग. चौकटीचा बराचसा भाग झेंडूनं भरलेला, एका कोपऱ्यातून आईची हनुवटी आणि हिरव्या काठाचा पदर, खाली कडेला तिरकं ताट. फोटो कशाचा आहे हे सुबकला कळलंच नव्हतं. मी शेपटीची माहिती उघडली. सगळी जागेवर होती. तारीख अण्णांच्या शेवटच्या खंडेनवमीची. कॅमेऱ्याची मान वर कललेली, म्हणजे तो छातीशीच होता.

 शिऱ्याची ताटं तशीच ठेवून आम्ही तिघं खाली दुकानात आलो.

दुपार होती. मी शटर अर्धं ओढलं, खिडकी झाकली. 'जैसे थे'मध्ये फोटो आधी सुरक्षित ठेवला, मग त्याची नक्कल पाठउजेडाला दिली. तो काम करायला लागला की वेळ जातो. आई बाकावर होती, निनाद तिच्या पायाशी. बाहेरून सतारीची तार जुळवल्याचा आवाज येत होता, गल्लीच्या टोकाला कुणीतरी नवं वाद्य बांधत होतं. तोच एक सूर थोडा चढायचा, थोडा उतरायचा, पुन्हा यायचा. पडद्यावर राखाडी रंग हलत होता. लहानपणी अण्णांच्या अंधाऱ्या खोलीत ट्रेमधल्या पाण्याखाली कागदावर माणसं उमटायची, तसंच काहीसं वाटत होतं. 

आधी ताटातली निरांजनाची ज्योत दिसली, उलटी. मग दुकानाचं दार, दारातून आलेलं आश्विनातलं ऊन आणि त्या उन्हात उडणारी धूळ. कोपऱ्यात आमची जुनी तिपाई. ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तीच खोली, दुसऱ्या बाजूनं, अकरा वर्षांमागची. उन्हाच्या मधोमध सदरा आला. छातीशी भगवा हार, हारात काळा कॅमेरा. मान आली. मानेच्या वर, पहिल्यांदाच, काळं काही नव्हतं.

पण चेहराही नव्हता म्हणायचा. गव्हाळ उजेडाचा एक डाग, त्यात थोडं खोलगट, थोडं उजळ. ताटाला हळद लागली होती, त्यातून तेवढंच वेचता आलं. पाठउजेड थांबला. पडद्याच्या खाली एक बटण लुकलुकायला लागलं, 'चेहरा पूर्ण करू?'

"कर," निनाद म्हणाला.

"तो अंदाजानं करतो रे. लाखो चेहरे बघून बेतलेला असतो."

"नकलेवर कर की. मूळ राहतंय ना? अण्णांचाच नियम आहे." तो काकुळतीला आला होता. "ताई, आईला दिसू दे एकदा."

त्याचं बरोबर होतं. मी नक्कल काढली आणि बटण दाबलं. डाग क्षणात निवळला. रुंद कपाळ, सरळ नाक, दोन्ही डोळे टपोरे, ओठांवर हसू. वय, रंग, ठेवण, सगळं जुळत होतं. कुणीही म्हणालं असतं, हेच वसंतराव पतंगे.

आईनं चष्मा पुसला, पुढे वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. निनाद तिच्या तोंडाकडे बघत होता.

"छान आहेत," ती म्हणाली. "ह्यांनाही एक कोट चढवा."

निनादनं मान खाली घातली. मी नक्कल मिटली. पुन्हा तो डाग आला. आई बाकावरून उठली, पडद्याजवळ गेली आणि अगदी नाक टेकेल इतक्या जवळून बघायला लागली. तिचा हात डागाच्या एका बाजूवर थांबला.

"शरू, इकडे अंधार आहे, हा डोळा. आणि इकडे काही नाहीच. नुसतं सपाट."

"तिथे उजेड कमी पोचला असेल."

"नाही गं." तिचा आवाज एकदम वेगळा झाला. "मिटलाय तो. डावा डोळा मिटलाय ह्यांनी. डावा डोळा मिटल्याशिवाय बटणच दाबता यायचं नाही ह्यांना. कॅमेरा छातीशी असला तरी. मी म्हणायची, अहो, कुणाला डोळा मारताय? लोक काय म्हणतील? तर म्हणायचे, सवय. आणि मग हसायचे, गाल असा एका बाजूला चढायचा, हा बघ, हा उजळ भाग. बघ की! हसतायत. मी बोलले असणार तेव्हा, म्हणून हसतायत." आई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. "आठवले. अगं, आठवले सगळे. कान आठवले. कपाळावरची शीर आठवली."

मला त्या डागात अजूनही डागच दिसत होता. निनादलाही. पण आम्हाला दिसायची गरजच काय होती? तो माणूस आमच्याकडे बघत नव्हता. प्रोग्रॅमनं लाखो चेहरे बघून त्याचे दोन्ही डोळे उघडले होते, कारण जगात माणसं दोन्ही डोळे उघडे ठेवूनच दुसऱ्याकडे बघतात. आमचे अण्णा तसे बघत नव्हते, हे फक्त एका बाईला माहीत होतं. आणि तिच्या हातातल्या ताटाला.

कोटातले अण्णा त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरले. निनादनं स्वतः उतरवले. तिथे आता तो डाग आहे, चौकटीत, हार न घालता. पाहुणे विचारतात, हे काय काढलंय? आई सांगते, "हे आमचे हे. माझ्याकडे बघतायत." सुबकची फ्रेमही आहे, आतल्या खोलीत. लेकानं आणलेली वस्तू आई टाकून थोडीच देणार? निनादनं बंगळूरला जाऊन सुबक बंद केला आणि आता तोही 'जैसे थे' वापरतो. फार हळू आहे म्हणून माझ्याकडे तक्रारी करतो. बुधगावच्या त्या गृहस्थांना मी फोन केला, ढिगातलं टाकाऊ काही राहिलंय का बघा म्हटलं. ते शोधतायत अजून.

परवा खंडेनवमी झाली. पाटावर अण्णांचाच कॅमेरा ठेवला. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आई हिरव्या काठाचं लुगडं नेसून, ताट घासून, कमळाच्या पडद्यासमोर उभी राहिली. ताट तिनं मुद्दाम माझ्याकडे कलतं धरलं. मी हारासकट कॅमेरा उचलला, छातीशी धरला आणि तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी तिचे फोटो काढतेय, पण बटण दाबताना तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"शरू," बटण दाबल्यावर ती म्हणाली, "डावा डोळा मिटलास गं तू."

माझं मला ते कळलंही नव्हतं. फोटो वाकडा आलाय, आईचं कपाळ कापलं गेलंय, कोपऱ्यात पाकळी आहे. मी तो सरळ केलेला नाही.